पत्राचं अंतर मोजू नका, असं सरकारला पटवणारा मास्तर : सर रोलंड हिल

मुंबईला कामाला असलेल्या पोराने गावाकडे फोन लावला काय किंवा शेजारच्या वाडीतून लावला काय, रिचार्जमधून जायचे ते तेवढेच जातात. आता याचं कोणाला नवल वाटत नाही. पण पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, की लांबचा फोन म्हणजे मीटरच्या आकड्यांकडे बघत बघत बोलायचं. रात्री दर उतरायचा, म्हणून जेवणं उरकून माणसं बूथपुढे रांग लावायची. जितकं अंतर जास्त तितके पैसे जास्त, हा हिशेब सगळ्यांना बरोबरच वाटायचा.

हाच हिशेब एका माणसाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी पत्रांच्या बाबतीत खोटा ठरवला होता. तो पोस्टात नोकरीला नव्हता, वकील नव्हता, राजघराण्यातला तर नव्हताच. इंग्लंडमधल्या एका शाळेचा मास्तर होता. नाव रोलंड हिल. त्याने मांडलेल्या हिशेबावरून ब्रिटनचा टपाल कायदा बदलला. पुढे चौदा-पंधरा वर्षांत तोच विचार हिंदुस्थानच्या कायद्यात आला आणि आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचला.

पोस्टमन आला की धडकी भरायची

रोलंडचा जन्म ३ डिसेंबर १७९५ चा, इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावचा. घरात आठ भावंडं. वडील थॉमस राइट हिल यांनी पुढे बर्मिंगहॅमजवळ शाळा काढली, पण पैशाची ओढाताण कायम. रोलंड लहानपणी आजारी असायचा. अंथरुणाला खिळला की पडल्या पडल्या मोठमोठ्याने आकडे मोजत राहायचा, लाखापर्यंत जायचा. आकड्यांची ही गोडी त्याला जन्मभर पुरली.

त्या काळी इंग्लंडात पत्राचे पैसे पाठवणारा देत नसे. ज्याच्या नावाने पत्र यायचं, त्याने दारात पैसे मोजून ते सोडवून घ्यायचं. म्हणजे पत्र कोणी पाठवलं, कशाला पाठवलं हे कळायच्या आधीच खिशात हात घालायचा. हिलच्या आईला पोस्टमन येताना दिसला की धडकी भरायची. एकदा तर अशा पत्रांच्या पैशासाठी तिने रोलंडला चिंध्यांचं बोचकं देऊन विकायला पाठवलं. त्याचे तीन शिलिंग आले, तेव्हा पोस्टमनचे पैसे चुकते झाले. पोराच्या मनात ती गोष्ट बसली.

बारा वर्षांचा होता होता तो वडिलांच्या शाळेत मुलांना शिकवू लागला. पुढे भावांना सोबत घेऊन त्याने हेझलवूड नावाची नवी शाळा उभारली. तिचा आराखडाही त्याचाच. शिस्तीचा कारभार बराचसा पोरांच्याच हातात दिलेला. मुलांचं न्यायमंडळ बसायचं, तेच तंटे मिटवायचं. ही शाळा बघायला परदेशातून माणसं येत.

शिकवता शिकवता हिल यंत्रांच्याही नादी लागले. एकसलग कागदाच्या गुंडाळीवर छपाई करणारं यंत्र त्यांनी तयार केलं. पण तेव्हा वर्तमानपत्राच्या प्रत्येक कागदावर सरकारी कराचा शिक्का लागे आणि तो सुट्या ताव्यांवरच मारला जाई. गुंडाळीवर शिक्का मारायला सरकारने नकार दिला. यंत्र चांगलं असून पडून राहिलं. कायद्यातल्या एका नियमाने नवी गोष्ट कशी अडते, हे हिल यांनी स्वतः भोगलं होतं.

पत्र म्हणजे मजुराची जवळपास दिवसाची कमाई

पोस्टाचा कारभार तेव्हा कसा चालायचा ते समजून घेतलं पाहिजे. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. बारा पेनीचा एक शिलिंग. लंडनहून एडिंबरोला एका कागदाचं पत्र जायचं तर साडेतेरा पेनी पडायचे. त्या वेळी खेड्यातल्या शेतमजुराला आठवडाभर राबून आठ-दहा शिलिंग मिळत. म्हणजे लेकीच्या खुशालीचं एक पत्र सोडवायला बापाला जवळपास दिवसाची मजुरी द्यावी लागे. पत्रात दोन कागद निघाले तर दर दुप्पट. आत किती कागद आहेत हे बघायला पोस्टातला कारकून पत्र मेणबत्तीपुढे धरायचा.

यावर लोकांनी नाना युक्त्या काढल्या. एकाच कागदावर आधी आडव्या ओळी लिहायच्या, मग कागद फिरवून त्यांवरच उभ्या ओळी लिहायच्या. पत्र पोस्टात न टाकता गाडीवानाबरोबर गुपचूप धाडायचं. काही जण पाकिटाच्या बाहेरच खाणाखुणा करून ठेवत. घरच्याने वरवर बघायचं, खुशाली कळली की पैसे नाहीत म्हणून पत्र परत करायचं. आपल्याकडे मिस कॉल देऊन निरोप पोचवायची रीत होती, त्यातलाच हा प्रकार. कोलरिज नावाच्या कवीने अशी एक मुलगी पाहिली होती. भावाचं पत्र तिला सोडवता येईना, म्हणून कोलरिजने दयेने पैसे भरले. तेव्हा कळलं की पत्र कोरंच आहे. कोरं पत्र आलं की भाऊ बरा आहे, असं त्यांचं ठरलेलं. ही गोष्ट हिल यांनी पुढे आवर्जून सांगितली.

गरिबांची ही कथा, तर मोठ्या लोकांची वेगळीच. खासदारांना पाकिटावर नुसती सही करून पत्र फुकट पाठवायची सवलत होती. मग मित्र, सोयरे, ओळखीचे व्यापारी अशा सगळ्यांच्या पाकिटांवर सह्या व्हायच्या. ज्याला परवडतं त्याचं पत्र फुकट आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडून दाबून वसुली, असा कायदेशीर कारभार चालला होता.

हिशेबाने उघडं पाडलं

हिल यांनी पोस्टाचा अभ्यास सुरू केला तेव्हा ते चाळिशीत पोचले होते. शाळा सोडून ते दक्षिण ऑस्ट्रेलियात वसाहत वसवणाऱ्या सरकारी आयोगाचे सचिव झाले होते. त्यांनी लंडनच्या पोस्टात आत जाऊन काम बघायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग रॉबर्ट वॉलेस या खासदाराने त्यांना सरकारी अहवालांचा ढीग पाठवून दिला. हिल त्यात बुडून गेले. पत्नी कॅरोलाइन लिखापढीला मदतीला होती.

पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती अशी. १८१५ ते १८३५ या वीस वर्षांत देशाची माणसं वाढली, व्यापार वाढला, रस्ते सुधारले, तरी पोस्टाचं उत्पन्न होतं तिथेच होतं. म्हणजे दर इतके चढे होते की लोक पोस्टाला टाळत होते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून न्यायचा खरा खर्च किती, हे त्यांनी काढलं. तो निघाला एका पेनीचा छत्तिसावा भाग. एका पेनीत छत्तीस पत्रं जात होती आणि पोस्ट एकाच पत्राचे साडेतेरा पेनी घेत होतं. मग खर्च होतो कशावर? मेणबत्तीपुढे कागद मोजणं, प्रत्येक पत्राचा वेगळा दर ठरवणं, तो वहीत चढवणं, दारोदार पैसे गोळा करणं आणि त्या पैशांचा हिशेब ठेवणं. पत्र लांब जातं म्हणून ते महाग नव्हतं. त्याचे पैसे वसूल करण्याचा खटाटोपच महाग होता.

उपाय त्यातूनच निघाला. देशात कुठूनही कुठेही, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एकच दर, एक पेनी. पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे. ते भरल्याची खूण म्हणून छापील पाकीट वापरायचं, नाहीतर मागे खळ लावलेला छोटा छापील कागद पत्रावर चिकटवायचा. आज ज्याला आपण पोस्टाचं तिकीट म्हणतो, ते हेच.

हे सगळं त्यांनी १८३७ साली एका पुस्तिकेत मांडलं. पोस्टखात्याचे वरिष्ठ खवळले. खात्याचे प्रमुख लॉर्ड लिचफील्ड यांनी ही योजना म्हणजे निव्वळ वेडेपणा ठरवला. पत्रं इतकी वाढली तर पोस्टाच्या इमारती पुरणार नाहीत, अशीही एक तक्रार होती. बाहेरच्या मास्तराने येऊन आपल्याला आपलं काम शिकवावं, हे खात्याला रुचणारं नव्हतं.

लोकांनी रेटा लावला, कायदा झाला

व्यापाऱ्यांना मात्र योजना पटली. लंडनच्या व्यापाऱ्यांनी समिती काढली, पत्रकं छापली, गावोगावच्या लोकांच्या सह्यांचे अर्ज संसदेत नेऊन टाकले. वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली. तेव्हाच्या मेलबर्न सरकारचं बहुमत काठावरचं होतं, त्यामुळे सुधारणा मागणाऱ्या खासदारांना दुखावून चालणार नव्हतं. १७ ऑगस्ट १८३९ ला टपाल दराच्या कायद्यावर राणीची मोहर उमटली.

५ डिसेंबर १८३९ पासून आधी चार पेनीचा सरसकट दर आला. महिनाभरातच, १० जानेवारी १८४० ला, तो एक पेनीवर उतरला. खासदारांची फुकट पत्रांची सवलत रद्द झाली. खुद्द व्हिक्टोरिया राणीनेही आपली सवलत सोडली. राणीचं पत्र आणि मोलकरणीचं पत्र, दोन्हीला एकच दर.

तिकिटासाठी सरकारने लोकांकडून कल्पना मागवल्या. २,६०० च्या वर अर्ज आले. अखेर तरुण राणीचा चेहरा असलेलं काळं तिकीट ठरलं. मे १८४० मध्ये ते वापरात आलं. जगातलं हे पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक. त्यावर देशाचं नाव छापलेलं नव्हतं, आणि ब्रिटनच्या तिकिटांवर आजही नसतं.

सगळंच काही साधलं नाही. तिकिटाबरोबर छापील पाकिटंही काढली होती. म्युलरेडी या चित्रकाराने त्यावर ब्रिटानियाचं आणि देशोदेशीच्या माणसांचं भपकेबाज चित्र काढलं होतं. लोकांनी त्याची इतकी टर उडवली की पाकिटं मागे घ्यावी लागली. काळ्या तिकिटावर लाल शाईचा शिक्का मारत, तो पुसून लोक तेच तिकीट पुन्हा चिकटवत. म्हणून १८४१ मध्ये तिकीट लालसर केलं आणि शिक्का काळा. तिकिटाची कल्पना मुळात आपली, असा दावा डंडी गावच्या जेम्स चाल्मर्स यांच्या बाजूने पुढे झाला, तो वाद बरीच वर्षं चालला. पण एकच दर, आधी पैसे आणि तिकीट ही सगळी गाठ बांधून ती कायद्यात उतरवली हिल यांनी, याबद्दल वाद नाही.

पत्रं वाढली, हिल घरी बसले

१८३९ साली ब्रिटनमध्ये साधारण ७ कोटी ६० लाख पत्रं गेली होती. १८४० मध्ये ती जवळपास १७ कोटी झाली. एका वर्षात दुपटीच्या वर. पण हिल यांचा अंदाज याहून मोठा होता. पत्रं पाचपट होतील आणि उत्पन्न फारसं पडणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. ते चुकलं. पोस्टाचं निव्वळ उत्पन्न सुमारे १६ लाख पौंडांवरून ५ लाखांवर आलं. आधीच्या पातळीला परत यायला वीस वर्षांच्या वर लागली.

विरोधकांना एवढं पुरे होतं. सरकार बदललं आणि १८४२ मध्ये पील सरकारने हिल यांना नारळ दिला. योजना राहिली, योजना आणणारा गेला. हिल काही काळ लंडन-ब्रायटन रेल्वेचे अध्यक्ष झाले. तिथेही त्यांनी जलद गाड्या आणि स्वस्त सहलीच्या गाड्या काढल्या. दर कमी केला की गर्दी वाढते, हा त्यांचा हिशेब रेल्वेत लवकर जमला.

ते बाहेर असतानाच १८४४ मध्ये एक प्रकरण गाजलं. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी तेव्हा लंडनला आसऱ्याला होता. हाच तो मॅझिनी, ज्याचं चरित्र पुढे सावरकरांनी मराठीत लिहिलं. त्याची पत्रं गृहमंत्र्यांच्या हुकमाने पोस्टात गुपचूप फोडली जात असल्याचं उघड झालं. संसदेत गदारोळ उडाला. पत्र स्वस्त झालं, घरोघर पोचलं, पण ते कोणी फोडायचं आणि कोणाच्या हुकमाने, हा प्रश्न तेव्हा जो उभा राहिला तो अजून बसलेला नाही.

लोक हिल यांना विसरले नव्हते. वर्गणी काढून १३,००० पौंडांची थैली त्यांना दिली गेली. १८४६ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि त्यांना पोस्टात परत आणलं. १८५४ मध्ये ते खात्याचे सचिव झाले. १८६० मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्यांच्याच काळात लंडनचे टपाल विभाग पाडून पाकिटावर विभागाची अक्षरं लिहायची पद्धत आली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला, तो त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. पिनकोड आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित. १८६१ मध्ये पोस्टात बचत बँक सुरू झाली, तीही हिल सचिव असतानाच.

खेड्यांच्या बाबतीत मात्र हात आखडला

हिल यांच्या कामाची एक बाजू खेड्यातल्या माणसाने मुद्दाम बघावी अशी आहे. एक पेनीत कुठेही, हे त्यांचं म्हणणं मूळ योजनेत पोस्ट असलेल्या गावांपुरतं होतं. तिथून आत, आडवळणाच्या खेड्यांत पत्र न्यायचं तर जादा पैसे घ्यावेत, असं १८३७ च्या पुस्तिकेत होतं. हिशेबाच्या नजरेने ते बरोबरही होतं. शहरात एका गल्लीत शंभर पत्रं वाटून होतात, खेड्यात तीन पत्रांसाठी तीन कोस चालावं लागतं.

पण एकच दर हे तत्त्व एकदा कायद्यात बसलं आणि लोकांच्या अंगवळणी पडलं, की खेडी गप्प बसत नाहीत. आम्हीही तोच पेनी देतो, मग आमच्या दारात पत्र का नाही, ही मागणी वाढत गेली. १८५१ पासून पोस्टाने एका अधिकाऱ्याला खेड्यांच्या वाटा आखायला पाठवलं. हा अधिकारी म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेला अँथनी ट्रॉलप. घोड्यावर बसून तो मळ्यामळ्यांतून हिंडला. कुठून वाट काढली तर टपालवाल्याच्या मजुरीइतकी पत्रं निघतील, याचा त्याने हिशेब लावला. हिल आणि ट्रॉलप यांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही, पण एकाचं तत्त्व दुसऱ्याच्या पायपिटीने खेड्यात गेलं. ब्रिटनमधल्या प्रत्येक घराला दारात टपाल मिळायचा हक्क मात्र १८९७ साली मिळाला. तोवर हिल यांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. कायदा एका दिवसात होतो, तो शेवटच्या घरापर्यंत पोचायला पिढ्या जातात.

आपल्याकडे अर्धा आणा

हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने पत्रं वाहण्याचा हक्क आपल्याकडे घेतला आणि पोस्ट सगळ्यांना खुलं केलं. पण दर अंतरावर. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाच्या पत्राला एक रुपया. त्या काळच्या रुपयाची किंमत धरली तर सामान्य माणसाने पत्राचं नावच काढू नये असा हा दर.

हिल यांची कल्पना इथे पहिल्यांदा उचलली ती बार्टल फ्रियर यांनी. हे गृहस्थ आधी साताऱ्याला रेसिडेंट होते, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. मधल्या काळात ते सिंधचे कमिशनर असताना १ जुलै १८५२ ला त्यांनी अर्ध्या आण्याचं सिंध डाक हे तिकीट काढलं. आशिया खंडातलं हे पहिलं टपाल तिकीट. पाठोपाठ डलहौसीच्या काळात १८५४ चा टपाल कायदा आला. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला हिंदुस्थानभर एकच दर झाला, अर्धा आणा. कलकत्ता असो की कराची, अंतराचा प्रश्न संपला.

पेशवाईत जासूद पळायचे ते दरबाराचे खलिते घेऊन. आता खांद्यावर थैली आणि हातात घुंगराची काठी घेऊन घाट चढणारा टपालवाला रयतेची पत्रं घेऊन पळू लागला. १ जुलै १८७९ ला एक पैशाचं पोस्टकार्ड आलं. १८८० मध्ये पोस्टाची मनीऑर्डर आली. गिरणीत राबणाऱ्या माणसाची खुशाली आणि पगारातला वाटा कोकणात आणि घाटावर पोचायचा तो याच वाटेने. सासरी गेलेल्या लेकीला कार्ड लिहिता येत नसेल तर पोस्टमन लिहून द्यायचा, आलेलं वाचूनही दाखवायचा.

कायदे बदलले, प्रश्न तोच

हिल १८६४ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा ब्रिटनमध्ये वर्षाला ६० कोटींच्या वर पत्रं जात होती. संसदेने त्यांना २०,००० पौंड दिले आणि पूर्ण पगाराइतकी पेन्शन. माणूस स्वभावाने हट्टी होता. आपल्या योजनेत कोणी बोट घातलेलं त्यांना खपत नसे, वरिष्ठांशी आणि हाताखालच्यांशी त्यांचे खटके उडत. पण हिशेब मांडून सरकारला झुकवायचं, ही त्यांची रीत शेवटपर्यंत सुटली नाही. २७ ऑगस्ट १८७९ ला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात त्यांचं निधन झालं. चिंध्या विकायला निघालेल्या पोराला राजेराण्यांच्या शेजारी, वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. आपल्याकडे एक पैशाचं कार्ड सुरू होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

आपल्या देशात १८९८ चा टपाल कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याच्या जागी २०२३ चा डाकघर कायदा आला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. पत्रं वाहण्याचा एकट्या पोस्टाचा हक्क त्यात राहिला नाही. तिकिटं काढायचा हक्क पोस्टाकडेच आहे. तारेसाठी केलेल्या १८८५ च्या कायद्याची जागा दूरसंचार कायदा २०२३ घेतो आहे. तार स्वतः जुलै २०१३ मध्येच बंद झाली. देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी टपाल किंवा संदेश अडवायची, तपासायची मुभा दोन्ही नव्या कायद्यांत सरकारला आहे. मॅझिनीच्या वेळचा प्रश्न असा अजून आपल्या सोबत चालतो आहे.

हिल यांचं तत्त्वही नव्या रूपात दिसतं. साध्या पत्राला आजही देशभर एकच दर आहे, स्पीड पोस्टला मात्र अंतर मोजलं जातं. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम केला, की कोणती वेबसाइट बघता यावरून मोबाईल कंपन्यांनी डेटाचा दर वेगवेगळा लावायचा नाही. पाकिटात काय आहे ते बघून दर ठरवू नका, असंच हे म्हणणं. आणि जिथे कंपन्यांना टॉवर उभारणं परवडत नाही अशा खेड्यांसाठी, कंपन्यांच्याच उत्पन्नातून एक निधी बाजूला काढला जातो. नव्या कायद्यात त्याचं नाव डिजिटल भारत निधी आहे. हिल यांच्या योजनेत जी बाजू लंगडी होती, तीच भरून काढायची ही सोय.

देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि दहातली नऊ खेड्यांत आहेत. नफ्या-तोट्याचा नुसता हिशेब धरला असता तर त्यातली बरीचशी उघडलीच नसती. शहरातल्या गर्दीच्या पत्रांनी आडगावच्या पत्राचा भार उचलायचा, या जोरावर ती उभी राहिली. मोबाईलच्या रेंजचंही तसंच आहे. दर सगळीकडे सारखा आहे, पण डोंगराआडच्या वाडीत रेंजसाठी अजून माळावर जावं लागतं. तोच रिचार्ज मारणाऱ्या वाडीने तीच रेंज मागितली, तर ती उपकार मागत नसते. इंग्लंडमधल्या खेड्यांनी एका पेनीच्या बदल्यात दारातलं टपाल मागितलं होतं, त्याच जातीची ही मागणी आहे. त्यांना ते मिळायला सत्तावन्न वर्षं लागली.